भाईंदरचा विमानतळ

देवळाला कळस असतो, किल्ल्याला बुरूज असतो, रेल्वे स्टेशनाला निदान पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत स्वतःचं नाव असतं. विमानतळाला यातलं काही नसतं. त्यात तो जुन्या फोटोतला असेल तर बघायलाच नको. एक सपाट माळ, मागे एक बैठी इमारत, खांबावर वाऱ्याने फुगलेली कापडी नळी आणि समोर पांढरी पँट घालून, कमरेवर हात ठेवून उभा असलेला कुणीतरी गृहस्थ. हा फोटो जुहूचा असू शकतो, अकोल्याच्या शिवणीचा असू शकतो, गोंदियाजवळच्या बिरसीचा किंवा बेळगावच्या सांबऱ्याचाही असू शकतो. शहाणा माणूस अशा वेळी ‘काय की’ म्हणून फोटो परत देतो. मी बघताक्षणी नाव सांगायचो.

या उद्योगाला कारण झाला मामाचा डबा. मामा नागरी विमान खात्यात वायरलेस ऑपरेटर होता. आयुष्यभर बदल्या. तो गेल्यावर मामीने घर आवरताना पार्ले बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, “तुला असल्या गोष्टींची आवड आहे ना, घेऊन जा. नाहीतर रद्दीत जाईल.” आत मामाच्या नोकरीतले कृष्णधवल फोटो. बहुतेक सगळे विमानतळांचे, आणि मागची बाजू कोरी. ना गावाचं नाव, ना साल.

याचं कारण मी नंतर शोधून काढलं. १९३७ च्या विमान नियमांत तेरावा नियम असा आहे की, सरकारी विमानतळावर लेखी परवानगीशिवाय फोटो काढायचा नाही. मामा पक्का सरकारी नोकर. फोटो काढला तेव्हाच नियम मोडला होता. मागे गावाचं नाव लिहिणं म्हणजे स्वतःच्या हाताने पुरावा तयार करणं. त्यामुळे डब्यातले निम्मे फोटो इमारतींच्या पाठीमागून, झाडाआडून आणि एक तर चक्क सायकलच्या चाकातून काढलेला होता.

मी हा डबा भाईंदर लोकलमध्ये नेला. आमचा ग्रुप जुना. गाडी भाईंदरहूनच सुटते, म्हणून बसायला मिळतं, आणि बसायला मिळालेल्या माणसाला अंधेरीपर्यंत काहीतरी उद्योग लागतो. पलीकडच्या कंपार्टमेंटमध्ये भजन चालतं, दारापाशी पत्ते. आमच्याकडे नुसत्या प्रॉपर्टीच्या गप्पा चालायच्या. त्याऐवजी मी खेळ सुरू केला: ओळखा पाहू, हा विमानतळ कुठला? रोज एक फोटो. उत्तर गाडी बोरिवली सोडायच्या आत द्यायचं. हरेल त्याने संध्याकाळी सगळ्यांना कटिंग पाजायचा.

या खेळात एक बारीकशी अडचण होती. उत्तरं कुणाकडेच नव्हती. प्रश्न मी विचारायचा, निकाल मी द्यायचा, आणि बरोबर उत्तर मलाही ठाऊक नसायचं. सुरुवातीला हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मी तोंड गंभीर करून ‘चूक’ म्हणायचो आणि लोक चहाचे पैसे काढायचे.

पण मी नुसता थापा मारत होतो असं नाही. मी अभ्यास केला होता. धावपट्टीच्या टोकाला मोठे आकडे रंगवलेले असतात, ते दिशेचे असतात. होकायंत्राचे अंश दहाने भागायचे आणि जवळचा पूर्ण आकडा घ्यायचा. पूर्वेकडे तोंड केलं की नव्वद अंश, म्हणजे ०९. तीच पट्टी उलट्या बाजूने वापरली की २७. दोन टोकांत नेहमी अठराचा फरक. मुंबईच्या मुख्य धावपट्टीची जोडी ०९-२७, जुहूची ०८-२६, पुण्याच्या लोहगावची १०-२८. हे कळल्यावर मला वाटलं, झालं, किल्ली सापडली. मग लक्षात आलं की आकडे सगळे मिळून छत्तीसच आणि जगात धावपट्ट्या हजारोंनी. आपल्या किनाऱ्यावर वारा समुद्राकडून येतो आणि विमानाला वाऱ्याला तोंड देऊनच चढायचं-उतरायचं असतं, त्यामुळे इकडच्या बऱ्याच पट्ट्या पूर्व-पश्चिम. गोव्याच्या दाभोळीची जोडीसुद्धा जुहूसारखीच, ०८-२६. शिवाय चुंबकीय उत्तर हळूहळू सरकते, म्हणून काही ठिकाणी काही वर्षांनी आकडेही बदलून रंगवावे लागतात. एवढं सगळं मी लोकलमध्ये समजावून सांगितल्यावर समोरचे शहा म्हणवणारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, “पण तुमच्या मामाच्या फोटोत आकडा कुठे दिसतोय?”

एकाही फोटोत दिसत नव्हता.

पहिला खरा दणका बसला तो रात्रीच्या फोटोने. काळोख, झगझगीत दिवे, एक डाकोटा विमान, आणि त्याखाली पोत्यांच्या ढिगाशी वाकलेली माणसं. मी जाहीर केलं, हा ब्रह्मदेशाच्या आघाडीवरचा तळ. दुसरं महायुद्ध. पोत्यांत दारूगोळा. त्यावर थोडं करुण भाषणही केलं. कोपऱ्यात एक काका बसायचे, टपाल खात्याच्या आरएमएसमधून रिटायर झालेले. त्यांनी चष्मा वर करून फोटो नाकाशी नेला आणि म्हणाले, “दारूगोळा कसला? या टपालाच्या थैल्या आहेत. हे नागपूर.” मग त्यांनी सांगितलं ते असं: १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही दिशांनी विमानं रात्री निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या विमानतळावर जमायची, आपापसात थैल्या बदलायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. नागपूर देशाच्या मधोमध, म्हणून हा मान त्याचा. एका शहरात संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या शहरात सकाळी हजर. काकांचा आवाज बोलताना भरून आला. मी दारूगोळा परत डब्यात ठेवला. त्या संध्याकाळचा कटिंग माझ्याकडे लागला, आणि ती रीत पुढे बरीच टिकली.

दुसऱ्या फोटोत विमानाच्या शेपटीजवळ इंग्रजीत ‘व्हीटी’ अशी अक्षरं होती. ग्रुपमधल्या एका तरुणाने ताबडतोब सांगितलं, “व्हीटी लिहिलंय की! म्हणजे सेंट्रल रेल्वेचं आहे.” मी त्याला हसून घेतलं. भारतात नोंदलेल्या प्रत्येक विमानाच्या नोंदणीच्या अक्षरांची सुरुवात इंग्रजांच्या काळापासून व्हीटीनेच होते, हे मला माहीत होतं. माझं खरोखर बरोबर निघालेलं हे एकच ज्ञान, आणि त्याचा उपयोग शून्य, कारण विमान भारतातलं आहे एवढंच त्यावरून कळतं. ते मामाच्या बदल्यांवरूनही कळत होतं.

घरी वेगळीच पंचाईत. एका फोटोत सगळीकडे पाणीच पाणी, त्यात कुंपणाचे खांब आणि ती वाऱ्याची नळी. मी बायकोला सांगितलं, हा दुर्मीळ फोटो आहे, पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा तळ. ती भाजी निवडत होती. हातातली गवार खाली न ठेवता तिने मान वळवली. “अहो, हे जुहू आहे. पावसाळ्यातलं.” तिचं माहेर पार्ल्याचं. तिच्यापुढे जुहूबद्दल बोलणं म्हणजे पुण्यात जाऊन बाकरवडीवर व्याख्यान देणं. तिचं खरंच होतं. जुहूची जागा मुळात खाजणाची. १९२८ साली तिथे विमानतळ झाला, १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन आपल्या पुस मॉथ विमानाने तिथेच उतरले आणि तिथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंटने ते टपाल बेल्लारीवरून मद्रासला नेलं. भारताच्या हवाई वाहतुकीचा तो जन्मदिवस. पण पाऊस पडला की तो जन्मदिवसाचा पाट पाण्याखाली जायचा आणि टाटांना पावसाळ्यापुरतं बिऱ्हाड पुण्याला हलवावं लागायचं.

तिसरा दणका सोसायटीतल्या एका कॉलेजच्या पोराने दिला. माळावर पट्टी आणि मागे दातेरी डोंगर. मी म्हटलं, ओझर. तो ट्रेकवाला. “काका, तो मलंगगड आहे. ही नेवाळीची धावपट्टी.” कल्याण-मलंग रस्त्यावर दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन ती केली होती. युद्ध संपलं, विमानं गेली, जमीन मात्र सरकारकडेच राहिली. ती परत मिळावी म्हणून पुढच्या पिढ्या भांडत राहिल्या आणि जून २०१७ मध्ये तिथे आंदोलन पेटलं. त्या फोटोवर मी कुणाला कटिंग मागितला नाही.

तर आकडे, पट्ट्या, वारा वगैरे शास्त्र माझ्याकडे, आणि उत्तरं मात्र टपालवाल्याकडे, माहेरवाशिणीकडे आणि डोंगर चढणाऱ्याकडे. ग्रुपमध्ये मला आता ‘कॅप्टन’ म्हणायला लागले होते. ते आदराने नव्हे, हे सांगायला नको.

अशा वेळी अब्रू वाचवायला इतिहास उपयोगी पडतो. गाडी पार्ले सोडून सांताक्रूझकडे निघाली की कधी कधी डोक्यावरून विमान इतक्या खालून जातं की त्याची चाकं मोजता येतात. ते बघत मी एका सकाळी ग्रुपला विचारलं, “समुद्राकडून पूर्वेला तोंड करून येणाऱ्या वैमानिकाला आधी कुठली पट्टी दिसेल?” जुहू. सांताक्रूझ तिच्या पुढे, दोन-तीन किलोमीटरवर, आणि दिशा जवळजवळ तीच. फरक एवढाच की जुहूची पट्टी जेमतेम साडेअकराशे मीटरची. आता ऐका. १५ जुलै १९५३ ला बीओएसी कंपनीचं कॉमेट, म्हणजे त्या काळातलं अगदी नवं जेट विमान, सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. ते तिथून परत उडवायला नऊ दिवस लागले. बरं, एकदा झालं ते झालं. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ ने तीच चूक केली. तेवढ्याशा पट्टीवर ते मावणार कसं? ते पुढे निघून गेलं आणि अडकलं. माणसं वाचली, विमान मात्र कायमचं बाद झालं. लंडनला तरी काय वेगळं? १९६० साली पॅन ॲमचं बोइंग ७०७ हीथ्रो समजून शेजारच्या नॉर्थोल्टला उतरलं. तिथल्या गॅसच्या अजस्र टाक्यांवर वैमानिकांसाठी अक्षरं रंगवलेली असायची, साउथ हॅरोच्या टाकीवर ‘एन-ओ’ म्हणजे नॉर्थोल्ट आणि साउथॉलच्या टाकीवर ‘एल-एच’ म्हणजे लंडन हीथ्रो.

“तेव्हा,” मी समारोप केला, “ज्यांच्याकडे नकाशे आहेत, रेडिओ आहे, आणि खुद्द विमानतळ ज्यांच्या नाकासमोर आहे, त्यांनाही तो ओळखता येत नाही. मी तर नुसत्या फोटोवरून सांगतोय.”

“म्हणून तर विचारतोय,” शहा म्हणाले, “सांगता कशाला?”

याला उत्तर म्हणून मी डब्यातला शेवटचा फोटो बाहेर काढला. तो मी मुद्दाम राखून ठेवला होता. विमानातून काढलेला, वरून. एका बाजूला खाडी. मधोमध लांबलचक, सरळसोट, पांढरी पट्टी. तिला काटकोनात आणखी पट्ट्या. शेजारी छोट्या शेडी. आणि एका रांगेत, सारख्या अंतरावर, पांढरेशुभ्र शंकूच्या आकाराचे तंबू. भिंगातून बघितलं तर एका काठीवर फडफडणारी वाऱ्याची नळीसुद्धा. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे या एकाच फोटोच्या मागे मामाने पेन्सिलने एक अक्षर लिहिलं होतं: इंग्रजी ‘बी’. बी म्हणजे बेस. लष्करी तळ! खाडीचं वळण मी नकाशाशी ताडून पाहिलं, आणि रात्री दोन वाजता बायकोला उठवून सांगितलं की सापडला. युद्धकाळातला, कुठल्याही पुस्तकात नसलेला, गुप्त विमानतळ दुसरीकडे कुठे नाही, इथे भाईंदरमध्ये होता. बायको म्हणाली, “बरं. दिवा बंद करा.”

कोजागरीला मी हे गच्चीवर जाहीर करायचं ठरवलं. प्रोजेक्टर भाड्याने आणला. पडदा म्हणून पाण्याच्या टाकीला चादर बांधली. पांढरी मागितली होती, घरातून मिळाली ती गुलाबांच्या नक्षीची, त्यामुळे लष्करी तळावर जागोजाग गुलाब उमलले होते. त्यात पूर्ण चंद्र. कोजागरीला चांदणं असतं आणि चांदण्यात प्रोजेक्टर फिका पडतो, हा विचार मी सोडून गच्चीवरच्या प्रत्येकाने आधीच केलेला होता. तरी बदाम-केशराच्या दुधापायी गर्दी चांगली जमली. एक स्थानिक पुढारीही आले होते. माझं ऐकून त्यांनी तिथल्या तिथे चौकात सिमेंटचं विमान बसवायचं आश्वासन दिलं.

सेक्रेटरींचा चेहरा मात्र उतरत गेला. त्यांनी मला टाकीमागे ओढलं. “अहो, हे काय चालवलंय? रिडेव्हलपमेंटचं बोलणं शेवटच्या टप्प्यात आहे. विमानतळ म्हटलं की उंचीवर बंधन. लष्कराची जमीन म्हटलं की एनओसी. बिल्डरला कुणी सांगितलं तर तो उद्या पळून जाईल. तुमचा तळ चार वर्षं गुप्त ठेवा, पझेशन मिळालं की मग काय ते बोला.” दुसरीकडे तिसऱ्या मजल्यावरचे एक जण हिशेब करत होते की विमानतळाजवळचा फ्लॅट म्हणून भाव किती वाढेल. वाद पेटला. कुणीतरी मतदान घ्या म्हणालं. मी चादरीपुढे उभा राहून, हातातल्या पट्टीने दाखवत बोलतच होतो: ही मुख्य धावपट्टी, हे हँगर, हे सैनिकांचे तंबू.

तळमजल्यावरच्या आजी पुढच्या खुर्चीत बसल्या होत्या. राई गावातल्या, आगरी. मुलाने इकडे फ्लॅट घेतला म्हणून सोसायटीत राहायला आलेल्या. त्यांनी दुधाचा पेला खाली ठेवला.

“बाला, कसलं तंबू? मीठ हाय ते.”

गच्ची गप्प झाली.

“यो आगर हाय. मिठाच्या राशी हाईत त्या. मी टोपल्या व्हायल्या हाईत डोक्यावरनं.” मग त्या खुर्चीतून उठल्या आणि माझ्या हातातली पट्टी घेऊन चादरीपाशी गेल्या. ही तुझी धावपट्टी म्हणजे मोठा बांध. ह्या आडव्या पट्ट्या म्हणजे छोटे बांध, त्यांच्यामध्ये वाफे. भरतीला खाडीचं पाणी आत घ्यायचं, ते एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवायचं, उन्हाने आटत आटत शेवटच्या वाफ्यात मीठ धरायचं. पाऊस सरला की काम सुरू, पुढचा पाऊस येईपर्यंत. बायका टोपल्यांनी मीठ आणून बांधाच्या कडेला राशी घालायच्या. शेडी म्हणजे कामकऱ्यांच्या खोपी.

मी शेवटचा बुरूज लढवला. “आणि ही वाऱ्याची नळी? काठीवरची?”

आजींनी चादरीला नाक लावलं. “सदरा वाळत घातलाय कुनीतरी.”

नंतरचा हशा मी लिहीत नाही. पुढाऱ्यांनी मात्र क्षणभरही न डगमगता चौकात विमानाऐवजी मिठागराचं शिल्प बसवायचं जाहीर केलं. सेक्रेटरींनी सुटकेचा श्वास टाकला आणि दुसरा पेला दूध घेतलं. बायकोने चादर सोडली, घडी घातली. मामाच्या ‘बी’चा अर्थ खाली उतरताना जिन्यात लागला. सोसायटीच्या पाटीवरही पत्ता इंग्रजीत लिहिलेला आहे, आणि भाईंदरचं पहिलं अक्षर तेच.

मिठागरं अजून आहेत, निदान काही. दहिसर सोडलं की गाडीच्या खिडकीतून त्यांचे बांध दिसतात. ग्रुपमधले लोक ते दिसले की आता मला सूचना देतात: कॅप्टन, पट्टा बांधा, उतरायची वेळ झाली. खेळ चालूच आहे. फक्त निकाल द्यायचं काम आरएमएसच्या काकांकडे गेलंय, आणि फोटो दाखवायच्या आधी मी तो तळमजल्यावर दाखवून घेतो.

मामाच्या डब्यातले बरेच फोटो अजून बेवारस आहेत, आणि ओळख सांगू शकणारा एकच माणूस होता, तो मामा. त्याला मी जिवंतपणी कधी विचारलं नाही. तुमच्या घरीही माळ्यावर असा एखादा डबा असणार. तो या रविवारी खाली काढा. घरातलं म्हातारं माणूस शेजारी बसवा, आणि प्रत्येक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने, फार दाब न देता, गाव आणि साल लिहून टाका. पेन वापरू नका, शाई पुढच्या बाजूला उमटते. आणि गावाचं नाव पूर्ण लिहा. नुसतं पहिलं अक्षर नको.